लाकूड, करवत आणि आपली मुले

गेली काही वर्षे उन्हाळ्याच्या सुट्टीत विहाराच्या मागील पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौथी ते नववीच्या मुलामुलींसाठी लाकूडकामाचा वर्ग चालवितो. हा वर्ग सुरू करण्याचे ज्या सभेत ठरले, त्याच सभेत एका ज्येष्ठ धम्मबांधवांनी आम्हांस विचारले, "आमच्या आज्यापणज्यांनी येसकरपाळी केली, ढोरं ओढली, गावाची लाकडं फोडली. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितलं आणि हातात लेखणी दिली. आता तुम्ही आमच्या नातवाच्या हातात करवत देता? त्याला काय सुतार करायचं आहे?"

प्रश्न रागाने विचारला गेला होता. परंतु तो टाळण्यासारखा नव्हता. त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. आज स्मरणिकेच्या निमित्ताने ते लिहून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीचे चाक, घराची चौकट ही त्याची कामे. आमच्या माणसांनी गावाला सरपण पुरविले, ओंडके फोडले. पण लाकूड घडविण्याचे काम त्यांच्याकडे कधी आले नाही, कारण ते दुसऱ्या जातीचे होते. म्हणजे कुऱ्हाड आमच्या हाती होती, रंधा नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात हीच गोष्ट उघड करून सांगितली. जातीने कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची वाटणी केली आणि त्यांना एकावर एक रचले. कोणी काय करावे हे त्याच्या अंगच्या गुणांवरून नव्हे, तर तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून ठरले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा विरोध श्रमाला नव्हता. जन्माने लादलेल्या श्रमाला होता. १९४२ साली व्हाइसरॉयांना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, तशीच कारखान्यांतून काम शिकण्याची सोयही मागितली. यंत्राजवळ उभे राहून काम शिकणे त्यांना कमीपणाचे वाटत असते, तर ती मागणी त्यांनी केलीच नसती.

तथापि आपल्या समाजात हस्तोद्योगाच्या शिक्षणाविषयी जी शंका आहे, ती निराधार नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी 'नई तालीम' पुढे आली. हाताने काही करता करता गणित, विज्ञान, भाषा शिकावी ही कल्पना चांगलीच होती. परंतु ती मांडणारे गांधीजी त्याच सुमारास बापजाद्यांचा धंदा मुलाने चालवावा असेही सांगत होते. मग ज्यांच्या बापजाद्यांचा धंदा मेलेली जनावरे ओढण्याचा, त्यांनी या योजनेकडे संशयाने पाहिले तर दोष कोणाचा?

आमच्या वर्गाची वंशावळ आम्ही दुसरीकडे शोधतो. १८९६ साली जॉन ड्यूई यांनी शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा सुरू केली. तेथे लहान मुले सुतारकाम करीत, स्वयंपाक करीत, शिवीत आणि विणीत. त्यांना सुतार किंवा आचारी करणे हा हेतू नव्हता. एखादी अडचण समोर यावी, तिच्यावर विचार करावा, उपाय करून पाहावा, तो चुकला तर का चुकला ते शोधावे, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. हेच ड्यूई पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले आणि १९१३ ते १९१६ या काळात तेथे शिकणाऱ्या बाबासाहेबांचे प्राध्यापक झाले. गुरूंकडून शिष्याने नेमके काय काय घेतले याची चर्चा विद्वानांनी करावी. आम्ही एवढेच म्हणतो की करवत धरलेले मूल बाबासाहेबांच्या शिक्षणविचारापासून दूर गेलेले नाही.

याहून जुना प्रयोग उत्तर युरोपातला आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नाने १८६६ साली लोकशाळांत हस्तकाम हा आवश्यक विषय झाला. शेजारच्या स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी नेस या गावी शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र चालविले आणि तेथे देशोदेशींचे शिक्षक येऊन गेले. या पद्धतीला 'स्लॉइड' म्हणतात. तिचे नियम साधे होते. वस्तू घरात उपयोगी पडणारी हवी, शोभेची नको. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मुलाने करावी. पहिली वस्तू अगदी सोपी, नुसत्या चाकूने होणारी. मग हळूहळू अवघड. सुतार तयार करणे हा उद्देश नाही, असे सालोमन स्पष्ट सांगत. स्वीडनच्या शाळांत हा विषय आजही मुलगे आणि मुली दोघांनाही घ्यावा लागतो.

आता आमच्या शेडमध्ये येऊ.

पहिल्या वर्षी आमची मोठी चूक झाली. उत्साहाच्या भरात आम्ही विहारासाठी पुस्तकांचे कपाट करायला घेतले. काम मुलांच्या आवाक्याबाहेरचे होते. परिणामी मिस्त्रींनीच सर्व कापले, जोडले आणि मुले फळ्या धरून उभी राहिली. कपाट उत्तम झाले, अजून विहारात आहे, पण मुलांना विचारले की काय शिकलात, तर एकजण म्हणाला, "धरायला." दुसऱ्या वर्षी आम्ही सालोमन यांचा नियम पाळला. पहिल्या आठवड्यात फक्त एक ठोकळा कापायचा, कानशीने व काचकागदाने गुळगुळीत करायचा आणि पेन ठेवण्यासाठी त्याला तीन भोके पाडायची. दुसऱ्या आठवड्यात चौकट. त्यानंतर ग्रंथ ठेवण्याची घोडी. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, त्यासाठी ती हवीच होती.

ठोकळा कापतानाच गणित सुरू होते. ६० सें.मी. लांबीची पट्टी आहे, तिचे १५ सें.मी.चे चार तुकडे करा, असे सांगितले की सातवीचा मुलगा लगेच तीन खुणा करून मोकळा होतो. वहीत उत्तर बरोबर असते. पट्टी कापून झाली की चारही तुकड्यांची एकूण लांबी साडेचार मि.मी.ने कमी भरते. मूल पुन्हा पुन्हा मोजते, पट्टीवर संशय घेते, शेजाऱ्यावर घेते. मग त्याचे लक्ष जमिनीवर पडलेल्या भुशाकडे जाते. करवत जिथून गेली तिथले सुमारे दीड मि.मी. लाकूड भुसा झाले आणि काप तीन होते. करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकविलेले असतात. त्यामुळे काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि पाते लाकडात अडकत नाही. हे कारण समजल्यावर पुढच्या वेळी ते मूल एक तुकडा मोजून कापते, मगच पुढचा मोजते. कागदावरच्या रेघेला जाडी नसते, करवतीच्या रेघेला असते, हा फरक आम्ही फळ्यावर दहा वेळा सांगूनही कळला नसता.

मापांचीही गंमत आहे. मुले शाळेत सेंटिमीटर शिकतात आणि आमचे मिस्त्री इंच आणि सुतात बोलतात. एका इंचाचे आठ सूत. "तीन इंच सहा सूत घे," असे मिस्त्री म्हणाले की मुले गोंधळतात. मग सहा अष्टमांश म्हणजे पाऊण, म्हणजे पावणेचार इंच, म्हणजे साडेनऊ सें.मी.ला किंचित जास्त, असा हिशेब करतात. अपूर्णांकाला घाबरणारी एक मुलगी तिसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या आधी उत्तर देऊ लागली. शाळेत तिचे गुण वाढले की नाही हे आम्ही विचारले नाही. लाकूडकामाने परीक्षेतील गुण वाढतात असा दावा आम्हांला करायचा नाही. तसे सांगून पालकांना गोळा करणे सोपे असते, पण ते प्रामाणिक नव्हे.

चौकटीच्या वेळी काटकोनाचा खरा अर्थ कळतो. ३० बाय ४० सें.मी.ची चौकट जोडली. डोळ्यांना सरळ दिसते. मग दोन्ही कर्ण मोजायला सांगायचे. पायथागोरसच्या हिशेबाने कर्ण ५० भरायला हवा. एक भरतो ५०.४ आणि दुसरा ४९.६. बाजू सर्व बरोबर, तरी चौकट तिरकी! लांब कर्णाच्या टोकांवर हलकेच दाबत गेले की दोन्ही कर्ण समान होतात आणि चौकट काटकोनात येते. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरातील खिडकीच्या किंवा टेबलाच्या कर्णांवर दोरी धरून पाहा. बरेच 'आयत' आयत नसतात.

विज्ञानाचे म्हणाल तर लाकूड हे स्वतःच एक पुस्तक आहे. त्याचे तंतू खोडाच्या उंचीच्या दिशेने असतात. म्हणून लांबीच्या दिशेने लाकूड बळकट, पण तंतूंच्या मधून चटकन चिरते. टोकाजवळ खिळा ठोकला की फळी फाटते. त्यावर मिस्त्रींनी दाखविलेला उपाय मुलांना जादूसारखा वाटला. खिळा उलटा धरून त्याच्या अणीवर हातोडीने हलके टोले द्यायचे आणि ती थोडी बोथट करायची. टोकदार अणी पाचरीसारखी तंतूंना बाजूला सारते आणि फाडते. बोथट अणी तंतू चिरडीत आपली वाट करते. दुसरा उपाय म्हणजे आधी बारीक भोक पाडून घेणे. पावसाळ्यात दार का अडकते याचेही उत्तर इथेच आहे. दमट हवेने लाकूड आडवे फुगते, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. हातोडीचा दांडा डोक्याजवळ धरणाऱ्या मुलाचा खिळा वीस टोल्यांत जात नाही, दांड्याच्या शेवटी धरला की पाच-सहा टोल्यांत जातो. उपटलेला खिळा हाताला गरम लागतो. तरफ, घर्षण, उष्णता हे शब्द आम्ही नंतर सांगतो. अनुभव अगोदर येतो.

घोडीपूर्वी काही मुलांनी बसण्याचे लहान स्टूल केले. चार पायांची सर्व स्टुले डगमगली. एका पायाचा थोडा तुकडा कापला की दुसरा पाय उंच होई. असे करता करता एक स्टूल पाटाएवढे खाली आले. हसून झाल्यावर मिस्त्रींनी तीन पायांचे स्टूल ओबडधोबड जमिनीवर ठेवले. ते हलले नाही. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते. चौथा पाय त्या प्रतलात यावा यासाठी कारागिराला कसब लागते. नववीच्या मुलांनी हे भूमितीच्या पुस्तकात वाचले होते. त्यावर बसून पाहिले नव्हते एवढेच.

परंतु आमच्या मते या सर्वांपेक्षा मोलाची गोष्ट निराळी आहे. वर्गात मुलाचे बरोबर-चूक शिक्षक ठरवितो. आपल्या मुलांपैकी अनेकांना, आणि त्यांच्या पालकांना तर अधिकच, असा अनुभव आहे की ठरविणारा माणूस आधी आडनाव वाचतो. मग मुलाला कळेनासे होते की आपले चुकले म्हणून गुण गेले, की आपण कोण आहोत म्हणून. लाकडाच्या बाबतीत ही शंका राहत नाही. जोड सैल बसला तर तो सैल आहे; घट्ट बसला तर कोणी शाबासकी दिली नाही तरी तो घट्टच असतो. आपली चूक आपल्या डोळ्यांनी पाहून, कोणाचा अपमान न सोसता ती दुरुस्त करण्याची ही सवय आम्हांला फार मोठी वाटते. एका मुलाने घोडीच्या फुलीचा जोड चार वेळा बिघडविला. २० मि.मी. जाडीच्या दोन पट्ट्या निम्म्या-निम्म्या म्हणजे १० मि.मी. कापून एकमेकींत बसवायच्या असतात. तो दर वेळी थोडे जास्त कापी. चार वेळा त्याने नवीन पट्टी घेतली आणि एकदाही आमच्याकडे पाहिले नाही. पाचव्या वेळी दोन्ही पट्ट्या एका पातळीत आल्या तेव्हा तो बोट फिरवीत कितीतरी वेळ बसून होता. वाया गेलेल्या पट्ट्यांचा हिशेब खजिनदारांनी मागितला तो भाग निराळा.

धम्माच्या वाङ्मयात कारागिराला मोठा मान आहे, हे आपण पाठ म्हणताना विसरतो. महामंगल सुत्तात जी मंगले सांगितली आहेत, त्यांत बहुश्रुतपणाच्या शेजारीच शिल्प म्हणजे हस्तकौशल्य आले आहे. धम्मपदाच्या पंडितवग्गात स्वतःला वळण लावणाऱ्या माणसासाठी जे दाखले दिले, त्यांत लाकडाला वळण देणारा सुतार आहे. सतिपट्ठान सुत्तात श्वासावर लक्ष ठेवण्याचा विषय निघतो तेव्हा दाखला येतो कातारी माणसाचा. लांब फेरा घेताना तो लांब आहे हे तो जाणतो, आखूड घेताना आखूड आहे हे जाणतो. त्या सुत्तात निष्णात कातारीबरोबर त्याच्या शिकाऊ मुलाचाही उल्लेख आहे, हे आम्हांला विशेष वाटते. आणि संयुत्तनिकायातील खंधसंयुत्तात वाकसाच्या दांड्याचा दाखला आहे. सुताराला आपल्या वाकसाच्या दांड्यावर बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे दिसतात. आज किती झिजला, काल किती झिजला हे त्याला सांगता येत नाही, पण झिजला आहे हे दिसते. साधकाचे विकारही असेच नकळत झिजतात, असे तेथे सांगितले आहे. रंधा मारणाऱ्या मुलांना आम्ही हा दाखला सांगितला तेव्हा दोघातिघांनी आपल्या करवतीची मूठ उलटसुलट करून पाहिली. मिस्त्रींच्या वाकसाच्या दांड्यावर मात्र खरोखरच अंगठ्याएवढा खळगा आहे.

हे मिस्त्री आमच्या समाजाचे नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. त्यांना आम्ही ठरलेले मानधन देतो. सेवा म्हणून फुकट या, असे म्हणत नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबण्याचे दुःख भोगले, त्याने दुसऱ्याचे श्रम फुकट मागू नयेत. स्टूल स्वतः केल्यानंतर मुलांना त्याची किंमत कळते. बाजारात ते इतके महाग का, असे विचारणारी मुले आता ते इतके स्वस्त कसे देतात असे विचारतात.

मुलींना करवत द्यावी की नाही, यावर पहिल्या वर्षी थोडी कुजबुज झाली. आता होत नाही. उलट रेघेवर करवत चालविण्यात मुली पुढे आहेत असे मिस्त्रींचे मत आहे.

सुरक्षिततेविषयी पालक विचारतात ते योग्यच आहे. विजेवर चालणारे कोणतेही हत्यार आम्ही मुलांच्या हाती देत नाही. लाकूड हाताने धरून कापायचे नाही, ते शिकंजात किंवा वाइसमध्ये पकडूनच कापायचे. पटाशी चालविताना दोन्ही हात धारेच्या मागे हवेत. पटाशीला धार नसली तर ती सुरक्षित, असा अनेकांचा समज असतो. खरे पाहता बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो, ती घसरते आणि लागते. म्हणून धार लावणे हा पहिल्या आठवड्याचाच धडा आहे. पायात बंद बूट, खिळे ठोकताना डोळ्यांना चष्मा, काचकागद घासताना तोंडाला रुमाल. खोक्यांचे आणि पॅलेटचे जुने लाकूड आम्ही घेतो, पण त्यावरील शिक्का पाहून. 'एच.टी.' म्हणजे उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेले, ते चालते, 'एम.बी.' म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते घेत नाही. आजवर खरचटणे, अंगठ्यावर हातोडी बसणे याच्यापलीकडे काही झाले नाही. अंगठ्यावर बहुधा प्रत्येकाच्या एकदा बसते.

आमच्या पिढीने शाळेत 'कार्यानुभव' हा विषय पाहिला आहे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला होता, पण पुष्कळ ठिकाणी तो तक्तावजा वही आणि विकत आणलेल्या वस्तूंवर निभावला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दप्तराविना दहा दिवस सुतार, कुंभार, माळी यांच्यासारख्या कारागिरांकडे काम शिकावे असे म्हटले आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात हाताने काम करीत शिकण्याचा मार्ग चालविला गेला. ज्यांना शक्य आहे त्यांनी तो जाऊन पाहावा. धोरणाचे दहा दिवस आपल्या वस्तीतील शाळांत कसे पार पडतात, यावर मात्र पालकांनी लक्ष ठेवावे. सुताराच्या मुलाला सुताराकडे आणि झाडूवाल्याच्या मुलाला झाडूकडे पाठविण्याची पळवाट त्यातून निघता कामा नये. सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या ज्येष्ठांना हीच भीती होती. त्यांचे आमच्याशी अजून पूर्ण एकमत नाही. नातू मात्र वर्गाला येतो.

ज्यांना घरी सुरुवात करायची आहे त्यांना एक लहान करवत, हातोडी, गुण्या, कानस, काचकागद आणि शिकंजा एवढे पुरे. लाकूड सागाचे घेऊ नये, महाग पडते. आंब्याचे किंवा खोक्याचे देवदार शिकायला मऊ असते. पुढील वर्ग शाळांना सुट्टी लागल्यावर सुरू होईल. तोपर्यंत वर्गाच्या पटाश्या आणि करवती तेल लावून, कागदात गुंडाळून विहाराच्या कपाटात ठेवल्या आहेत; पहिल्या वर्षी केलेल्या त्याच कपाटात.